माळ संपते, पण मधलं काही आठवत नाही

नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रोज पहाटे अर्ध्या तासात त्यांच्या ‘श्रीराम जय राम जय जय राम’च्या दहा माळा होतात, पण मन लागत नाही. माळ कधी संपली तेही कळत नाही. एका प्रवचनात त्यांनी ऐकलं की ज्याकडे लक्ष द्याल ते वाढतं. तेव्हापासून मनात चिंता आली की त्यांना भीती वाटते, आपल्याच विचाराने घरात काही वाईट तर घडणार नाही ना. बरोबर बसणाऱ्या काकूंना प्रकाश दिसतो, ह्यांना काहीच दिसत नाही. आणि शेवटचं, इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जावं का?

ताई, भीतीचं आधी बोलू, कारण ती मनात ठेवून जप होत नाही.

तुमच्या विचाराने वाईट घडत नाही. मुलगा द्वारका सर्कलवरून गाडी घेऊन गेला आणि तुमच्या मनात अपघाताचं चित्र आलं, तर त्याच्या ब्रेकवर त्या चित्राचा काडीचाही परिणाम होत नाही. परिणाम होतो तो तुमच्यावर. छाती धडधडते, त्या धडधडीकडे लक्ष जातं, लक्ष गेलं की ती मोठी वाटते, मोठी वाटली की खरंच काहीतरी झालं असणार असं वाटायला लागतं. ‘वाढतं’ ते एवढंच आणि इथेच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हा क्रम स्पष्ट सांगितलाय: ‘ध्यायतो विषयान्पुंसः सङ्गस्तेषूपजायते’. मन ज्याच्याभोवती फिरत राहतं त्याच्याशी ते चिकटतं, आणि चिकटण्यातून पुढे काम, क्रोध, मोह. सगळी साखळी माणसाच्या आतली आहे. आपण मनात धरलं म्हणून बाहेरच्या घटना वळतात, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. लक्ष अनुभव घडवतं, घटना घडवत नाही. हा फरक न सांगता ते वाक्य लोकांच्या हाती दिलं की भाविक माणसं स्वतःच्या मनालाच घाबरायला लागतात, आणि ह्याचं मनापासून वाईट वाटतं.

मग चिंता आली की काय करायचं? ‘विचार करायचा नाही’ हे चालत नाही. औषध घेताना माकड आठवू नकोस म्हटलं की माकडच आठवतं, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते, आणि ती खरी आहे. दाबायला गेलं की दाबलं गेलंय का हे तपासावं लागतं, आणि तपासताना पुन्हा तोच विचार हातात येतो. त्याऐवजी तीन गोष्टी करा. मनात एक शब्द म्हणा, ‘चिंता’. मग ती शरीरात कुठे आहे ते बघा: छातीत, पोटात खड्डा पडल्यासारखी, की आवळलेल्या जबड्यात. तिथेच तीन श्वास थांबा, तिला घालवायचा प्रयत्न न करता. मग स्वतःला विचारा, ह्यात आत्ता करण्यासारखं काही आहे का? असेल तर करा, मुलाला फोन लावा. नसेल तर हातातल्या मण्यावर परत या. पहिल्या काही दिवसांत चिंता तेवढीच येईल, फक्त तिच्यामागे धावणं कमी होईल. एवढं झालं तरी पुष्कळ आहे.

आता माळ. बृहदारण्यक उपनिषदात वाक्य आहे: ‘अन्यत्रमना अभूवं नादर्शम्, अन्यत्रमना अभूवं नाश्रौषम्’. मन दुसरीकडे होतं म्हणून दिसलं नाही, मन दुसरीकडे होतं म्हणून ऐकू आलं नाही. न्यायदर्शनात तर एका वेळी अनेक ज्ञानं होत नाहीत, हीच मनाची खूण मानली आहे. तुमच्या जपाचं नेमकं हेच होतंय. बोटं आणि जीभ सवयीने काम करतात, त्यांना लक्षाची गरज उरलेली नाही. मोकळं झालेलं लक्ष आजच्या डब्याकडे, काल कोणी काय बोललं तिकडे जातं. जप झाला, त्याचा अनुभव झाला नाही.

ह्यात वेगाचा दोष मोठा आहे. हिशेब करून बघा. दहा माळा म्हणजे १०८० जप, अर्धा तास म्हणजे १८०० सेकंद. एका जपाला पावणेदोन सेकंदसुद्धा मिळत नाहीत, आणि मंत्र तेरा अक्षरांचा. इतक्या वेगात शेवटचं ‘राम’ अर्धवट गिळलं जातं आणि पुढचं ‘श्री’ त्यावर चढतं. जीभ पुढे, कान मागे. दहा माळांऐवजी तीन करा. एका जपाला साधारण चार सेकंद धरले तर माळेला सव्वासात मिनिटं लागतात, तीन माळा बावीस मिनिटांत होतात. उरलेली आठ मिनिटं बसणं सावरायला आणि शेवटी शांत राहायला ठेवा. संख्या कमी झाल्याची रुखरुख लागेल. समर्थांनी इथे आपल्या टाकळीला बारा वर्षं ह्याच त्रयोदशाक्षरी मंत्राचा जप केला, तेरा कोटींची संख्या परंपरेने सांगितली जाते, हे नाशिककराच्या मनात पक्कं असतं, आणि मग आपल्या तीन माळा फारच थोड्या वाटतात. पण समर्थांची दिवसभराची तपश्चर्या आणि डबा करून कामावर जाणाऱ्या बाईचा अर्धा तास ह्यांची तुलना करून काहीच हाती येत नाही. गुरूंनी तुम्हाला ठरावीक संख्या नेमून दिली असेल तर मात्र ती परस्पर कमी करू नका. त्यांना विचारा, आणि वेळ वाढवून वेग उतरवता येतो का ते पाहा.

माळ कशी धरता हेही बघा. मधल्या बोटावर माळ, अंगठ्याने मणी स्वतःकडे ओढायचा, तर्जनी बाजूला. बहुतेकांचा अंगठा जप पूर्ण व्हायच्या आतच पुढच्या मण्यावर गेलेला असतो. तो थांबवा. ‘श्री’ म्हणताना अंगठ्याच्या पेरावर मणी टेकलेला जाणवला पाहिजे: तुळशीचा असेल तर हलका आणि गुळगुळीत, रुद्राक्ष असेल तर खडबडीत. शेवटच्या ‘म’ला ओठ मिटतात. ते मिटलेले कळले की मगच मणी ओढा. मणी ओढल्यावर क्षणभर काहीच म्हणायचं नसतं, ती जागा छोटी असते पण लक्ष निसटतं ते बहुधा तिथेच. तिथे घाई करू नका. मेरुमण्यापाशी, म्हणजे माळेच्या टोकाच्या मोठ्या मण्यापाशी, आलात की तो न ओलांडता माळ फिरवतोच आपण. त्या वळणावर एकदा शांतपणे बघा, मन आत्ता कुठे आहे. किती वेळा गेलं होतं ते मोजू नका, त्या मोजणीचाच एक नवीन छंद लागतो.

आवाजाचा क्रमही वापरा. पहिली माळ स्वतःला स्पष्ट ऐकू येईल इतक्या आवाजात. दुसरी उपांशू, म्हणजे ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू जात नाही. तिसरी मनात. मानसिक जप श्रेष्ठ म्हणून लोक थेट तिथून सुरुवात करतात आणि पाच मण्यांत हरवतात, कारण तिथे लक्षाला धरायला जीभही नाही आणि कानही नाही. मनातला जप विरळ झाला की उपांशूवर या, तिथेही टिकलं नाही तर आवाजात या. ही अधोगती वगैरे काही नाही. ज्या दिवशी रात्रीची झोप झालेली नाही, त्या दिवशी तिन्ही माळा मोठ्याने करायला काहीच हरकत नाही.

‘मन लागत नाही’ ह्या तक्रारीबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मन लागणं म्हणजे मन न हलणं, अशी समजूत करून घेतलेली असते. पतंजलींनी योगसूत्रांत धारणा आणि ध्यान वेगळं केलं आहे. चित्त एका ठिकाणी बांधणं ही धारणा, आणि त्याच ठिकाणी जाणिवेचा प्रवाह अखंड राहणं हे ध्यान. आपण रोज सकाळी करतो ती धारणा, आणि धारणा तुटणारच. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत मन कुठेच जाणार नाही असं म्हणत नाहीत. जिथून जिथून ते बाहेर जाईल तिथून तिथून त्याला परत आणावं, असं म्हणतात. म्हणजे जाणं गृहीतच आहे. ‘अरे, मी तर गॅस सिलिंडरचा विचार करत होते’ हे ज्या क्षणी कळतं, तो क्षण साधनेचा सर्वात जिवंत क्षण असतो. त्या क्षणी लक्ष परत तुमच्या हातात आलेलं असतं. आणि तिथेच बहुतेक जण स्वतःला बोल लावायला सुरुवात करतात: किती वर्षं झाली, अजून तेच, माझ्या नशिबातच नाही. हा दुसरा भटकाव, पहिल्यापेक्षा लांबणारा, कारण तो धार्मिक वाटतो. कळलं की फक्त मण्यावर परत या. त्याच जपापासून सुरू करा, माळ पहिल्यापासून करायची गरज नाही.

बसण्याच्या बाबतीत थोडक्यात. कंबर गुडघ्यांपेक्षा वर हवी. सतरंजीवर सपाट बसलात तर दहा मिनिटांत पाठ वाकते आणि वाकलेल्या पाठीला झोप येते. घोंगडी किंवा जाड चादर घडी करून तीन-चार इंच उंची द्या आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा. पायाला मुंग्या येतात त्या नस दाबली गेल्याने, त्यात सहन करून पुण्य मिळवण्यासारखं काही नाही, पाय बदला. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, तळवे जमिनीला टेकवून. झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवा, तोंडावर पाणी मारा, आणि रात्री किती वाजता झोपता ते एकदा खरं खरं तपासा. साडेअकरापर्यंत फोन आणि पाचला उठून जप, तर आसनावर झोपच येणार.

घरातल्या आवाजांची तक्रार प्रत्येकाची असते. शेजारचा मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, घंटागाडीचं गाणं. शांतता मिळाल्यावर बसू म्हटलं तर बसणंच होणार नाही. आवाज आला की त्याच्याशी भांडू नका. आधी नुसता आवाज असतो, लगेच त्याला नाव मिळतं, आणि नावामागून गोष्ट येते: ‘घंटागाडी आली, ओला-सुका वेगळा केलाय का?’ नावापर्यंत चालेल, गोष्टीपर्यंत जायचं नाही. काही आठवड्यांनी आवाज, नाव आणि गोष्ट ह्यांच्यामधली फट दिसायला लागते. चिंतेच्या वेळी हीच फट उपयोगी पडते, म्हणून आवाजांना मी अडथळा मानत नाही. अर्थात टाळता येण्यासारखं ते टाळा. फोन त्याच खोलीत नको, सायलेंटवरही नको. आणि बसण्याआधी दिवसभराची कामं कागदावर लिहून टाका, म्हणजे ती जपात आठवण करून द्यायला येणार नाहीत.

प्रकाशाचं आता. काकूंना दिसतो तो खोटा असं म्हणायचं नाही, त्यांना खरंच दिसतो. पण तो कशामुळे दिसतो ह्याची कारणं बरीच असतात. समोर निरांजन ठेवून त्याकडे पाहत बसलं आणि मग डोळे मिटले, की ज्योतीच्या आकाराचा डाग काही वेळ दिसतो. तो डोळ्याच्या पडद्याच्या थकव्याने येतो. ओळखायची खूण सोपी आहे: बंद पापण्यांआड नजर डावीकडे नेली की तो डागही डावीकडे सरकतो. डोळे घट्ट आवळले तरी ठिपके दिसतात. झोपेच्या उंबरठ्यावर रंग आणि चेहरे दिसतात. जोरजोरात खोल श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि त्याला कुंडलिनी जागी झाली म्हणणारे भेटतात. असं झालं तर श्वास साधा करा, थोड्या वेळात ते थांबतं.

आणि एक कारण ह्या विषयाच्या गाभ्याचं आहे. ज्याची वाट बघतो तिकडे लक्ष टेकलेलं असतं, आणि टेकलेल्या लक्षाला अंधुक खूणही ठळक दिसते. साधना झाल्यावर सगळे जण आपापले अनुभव सांगत बसले, की दुसऱ्या दिवशी आणखी चौघांना प्रकाश दिसतो. म्हणून अनुभव चारचौघांत सांगू नये, मार्गदर्शकालाच सांगावा, ही जुनी शिस्त फार शहाणपणाची आहे. योगसूत्रांत ज्योतिष्मती प्रवृत्तीचा, म्हणजे आतल्या प्रकाशाच्या अनुभवाचा, उल्लेख मन स्थिर करणाऱ्या उपायांत येतो, आणि भ्रांतिदर्शन, म्हणजे नसलेलं खरं वाटणं, हे नऊ विघ्नांपैकी एक म्हणून येतं. दोन्ही एकाच ग्रंथात. तेव्हा प्रकाश दिसला तर दिसला, मण्यावर परत या. नाही दिसला तर काहीही राहिलेलं नाही. साधना लागू पडते आहे का हे पाहायचं असेल तर पहाटेच्या अंधारात पाहू नका, संध्याकाळी सहाला घरात पाहा. कोणी टोचून बोललं, तर उत्तर तोंडातून जाण्याआधी ते येताना दिसलं का? राग आला तर पूर्वीपेक्षा लवकर कळला का?

ज्योतीवर त्राटक, म्हणजे एकटक पाहणं, करायचंच असेल तर ज्योत डोळ्यांच्या रेषेत, दोन-तीन फुटांवर, पंखा बंद, आणि डोळ्यांत पाणी येताच थांबायचं. काचबिंदू, अर्धशिशी किंवा फिट्स येत असतील तर ज्योतीवर करू नका.

तुम्हाला रूप आवडत असेल तर नाशिकमध्ये त्याची सोय फार छान आहे. काळारामाचं दर्शन आपण घेतो कसं? रांगेत अर्धा तास, समोर पोचलो की डोळे मिटून हात जोडतो, नाहीतर मागणं मागतो, आणि बाहेर येतो. मूर्ती पाहिलेलीच नसते. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात भगवंताच्या रूपाचं ध्यान चरणांपासून सुरू करून एकेक अंग वर जात करायला सांगितलं आहे. तसं करा. पहिल्या दर्शनात फक्त चरण. उघड्या डोळ्यांनी, दोन श्वास. मग सभामंडपात खांबाला टेकून बसा आणि डोळे मिटून ते आठवा. काळा पाषाण, त्यावर दिव्याचा उजेड कुठे पडला होता, फुलं कोणत्या रंगाची होती. आठवत नसेल तर पुढच्या वेळी पुन्हा चरणच. आठवायला लागले की मग वर. गर्दीच्या दिवशी, रामनवमीला वगैरे, हे जमत नाही. आठवड्यातल्या एखाद्या साध्या दुपारी जा. फोटो काढू नका, फोटो काढला की पाहायचं काम फोनवर सोपवलं जातं.

आणि बसून काहीच जमत नसेल तर चाला. काही मनं चालतानाच ठरतात, ते कमीपण नव्हे. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला जाते, त्यात दिवसचे दिवस टाळ, पाऊल आणि नाम एकत्र चालतं. लक्ष सुटलं तर पाऊल चुकतं आणि शेजारच्याच्या टाळाने परत जागेवर येतं. घरच्या घरी ह्याचं रूप सोपं आहे: गोदाकाठी सकाळी वीस मिनिटं, एका पावलाला ‘राम’, दुसऱ्याला ‘कृष्ण’, नजर आठ-दहा फुटांवर, कानात इअरफोन नाही. दुतोंड्या मारुतीच्या आसपास गर्दी असेल तर पुढे शांत ठिकाणी जा.

दिवसातले उरलेले साडेतेवीस तासही लक्षाला वळण लावत असतात, हे विसरून चालणार नाही. सगळं बदलू नका. झोपण्याआधीचा अर्धा तास आणि उठल्यावरची पंधरा मिनिटं, एवढ्या दोन वेळा फोनपासून सोडवा. झोपताना जे डोक्यात घालतो तेच पहाटे आसनावर पहिलं वर येतं, हे कोणीही आठवडाभरात स्वतः पडताळून पाहू शकतं.

इगतपुरीचं. धम्मगिरीला, म्हणजे तिथल्या विपश्यना केंद्राला, जायचं तर काय असतं ते नीट समजून जा. दहा दिवस पूर्ण राहावं लागतं, येण्याजाण्याचे धरून बारा. पहाटे चारची घंटा, दिवसाला सुमारे दहा तास बैठक, फोन, वाचन, लेखन बंद, आणि मौन दहाव्या दिवशी सुटतं. पहिले तीन दिवस फक्त श्वास, तोही नाकाखाली आणि वरच्या ओठावरच्या छोट्या जागेत. चौथ्या दिवसापासून संपूर्ण शरीरावरच्या संवेदना. शुल्क नाही, शिबिर पूर्ण केल्यावर ऐच्छिक दान देता येतं. तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे तिथे माळ आणि जप बाजूला ठेवावा लागतो, श्वासासोबत नामही जोडायचं नसतं. हे मान्य असेल तरच जा. मनातल्या मनात नाम चालू ठेवून तिथे बसणं म्हणजे दोन्हीकडून तुटणं. दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी पळून जावंसं वाटतं अशी तक्रार बऱ्याच जणांची असते, ती मनात धरून बसू नका.

मात्र तुम्ही लिहिलेली भीती रोजची असेल, झोप उडवत असेल, किंवा नैराश्यावर, भीतीच्या झटक्यांवर, मनाच्या कोणत्याही आजारावर गोळ्या चालू असतील, तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोला आणि अर्जात काहीही लपवू नका. इतके तास आत बघत बसणं प्रत्येकाला प्रत्येक वेळी झेपतंच असं नाही. साधना सुरू आहे म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, कोणी सांगितलं तरी नाही.

माझं मत विचारलंत तर आत्ताच शिबिराला जाऊ नका. आधी तीन महिने ह्या तीन सावकाश माळा, रोज त्याच जागी, त्याच वेळी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून सहा करू नका, तीनच करा. घरात पाहुणे असतील त्या दिवशी एक करा, पण ती ओठ मिटलेले कळतील इतकी सावकाश.